चालू घडामोडी: पाठ कराव्यात की समजून घ्याव्यात?

वसंत व्याख्यानमालेत स्पर्धापरीक्षेसारखा विषय यावा, याचे काही श्रोत्यांस नवल वाटेल. न्यायमूर्ती रानडे यांनी 1875 साली पुण्यात ही प्रथा सुरू केली, ती लोकांना चार शहाणपणाच्या गोष्टी कळाव्यात म्हणून. कोणास नोकरी लागावी म्हणून नव्हे. परंतु आज आपल्या सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांत कोणत्याही आळीत पाहा, एखाद्या घरचा मुलगा किंवा मुलगी पुण्यास खोली घेऊन राहिलेली असते आणि घरची मंडळी दर महिन्यास खर्चाची जुळवाजुळव करीत असतात. या मुलांच्या टेबलावर पुस्तकांचा जो ढीग असतो, त्यात सर्वांत उंच ढीग 'चालू घडामोडीं'चा. तो दर महिन्यास वाढतो आणि वर्ष संपले की रद्दीत जातो. या ढिगाचे नेमके करायचे काय, एवढाच आजचा प्रश्न आहे. तो परीक्षार्थ्यांचा आहे तसा त्यांच्या आईवडिलांचाही आहे, आणि थोडा विचार केला तर रोज सकाळी वर्तमानपत्र उघडणाऱ्या प्रत्येक नागरिकाचा आहे.

परीक्षा काय मागते?

प्रथम परीक्षेचे स्वरूप पाहू. संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेचे तीन टप्पे आहेत. पूर्वपरीक्षेत सामान्य अध्ययनाचे 100 प्रश्न व 200 गुण असतात आणि चुकीच्या उत्तरास त्या प्रश्नाचे एकतृतीयांश गुण वजा होतात. जोडीला आकलन व तर्क यांचा दुसरा पेपर असतो, पण त्यात 33 टक्के मिळवून केवळ पार पडायचे असते. मुख्य परीक्षेत निबंधाचा एक, सामान्य अध्ययनाचे चार आणि वैकल्पिक विषयाचे दोन असे प्रत्येकी 250 गुणांचे सात पेपर, म्हणजे 1750 गुण. मुलाखतीस 275. एकंदर 2025 गुणांवर निवड ठरते. महाराष्ट्र लोकसेवा आयोगानेही राज्यसेवेच्या मुख्य परीक्षेसाठी 2025 पासून वर्णनात्मक पद्धत स्वीकारली आहे, तेव्हा पर्यायावर खूण करून भागण्याचे दिवस तेथेही गेले.

आता या योजनेत चालू घडामोडी कोठे बसतात? पूर्वपरीक्षेच्या अभ्यासक्रमातील पहिलेच कलम राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या चालू घटनांचे आहे. मुख्य परीक्षेत मात्र त्यांच्यासाठी वेगळा पेपर नाही. इतिहास, भूगोल व समाज हा पहिला पेपर. राज्यघटना, शासन व परराष्ट्रसंबंध हा दुसरा. अर्थकारण, पर्यावरण, आपत्ती व सुरक्षा हा तिसरा. नीतिविचार हा चौथा. या चारही पेपरांत चालू घडामोडी मिठासारख्या विरघळलेल्या असतात. मीठ वेगळे काढून खाता येत नाही. जो विद्यार्थी ते वेगळे पाठ करतो, त्याची गत तशीच होते.

ही रचना एका दिवसात झालेली नाही. कंपनी सरकारच्या काळातील स्पर्धापरीक्षा 1855 साली लंडनला सुरू झाली. हिंदुस्थानात ती घेण्यास 1922 साल उजाडावे लागले. स्वातंत्र्यानंतरची कित्येक वर्षे निबंध, सामान्य इंग्रजी व सामान्य ज्ञान हे आवश्यक पेपर असत. पुढे दौलतसिंग कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने 1976 मध्ये अहवाल दिला आणि 1979 पासून पूर्वपरीक्षा आली; उत्तरे मराठीसह घटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषांत लिहिण्याची मुभा मिळाली. सातारच्या वा जतच्या मुलास दिल्लीचा दरवाजा खऱ्या अर्थाने तेव्हा उघडला. 2013 पासून नीतिविचाराचा पेपर आला. प्रत्येक बदलाचा रोख एकच दिसतो: उमेदवारास काय आठवते यापेक्षा तो काय समजतो, हे पाहावे.

बातमी आणि तिच्याखालची जमीन

बातमी ही नाशवंत वस्तू आहे. सकाळची बातमी संध्याकाळी शिळी होते. पण बातमीच्या खाली जी जमीन असते, ती सहसा बदलत नाही. एखाद्या धरणाची बातमी दोन दिवसांची. त्याखालची नदी, कायदा, जुना तंटा आणि पैशाचा हिशेब हे पन्नास वर्षांचे असतात. परीक्षक प्रश्न काढतो तो बहुधा या जमिनीवरून, आणि बातमी केवळ निमित्त म्हणून घेतो.

म्हणून कोणतीही बातमी हाती आली की तिला पाच प्रश्न विचारावेत. हे कोठे घडले आणि तेथलेच का? हे करण्याचा अधिकार कोणत्या कायद्याने कोणास आहे? याआधी काय घडले होते? यात पैसा कोणाचा, आणि लाभहानी कोणाची? आणि शेवटी, दुसऱ्या बाजूचे म्हणणे काय आहे? पहिले चार प्रश्न मेहनतीने सुटतात. पाचवा कठीण आहे, कारण त्याला मेहनतीबरोबर मनाचा मोठेपणा लागतो.

हे पाच प्रश्न आपल्याच दारातल्या बातम्यांना लावून पाहू. कृष्णाकाठच्या विद्यार्थ्याचे एक भाग्य असे की, अभ्यासक्रमाचा बराचसा भाग त्याच्या गावाच्या वेशीवर उभा आहे.

कृष्णेचे पाणी

अलमट्टी हे नाव सांगलीत लहान मुलासही ठाऊक आहे. कर्नाटकातील या धरणाची उंची वाढणार, अशी बातमी अधूनमधून येते आणि पावसाळा जवळ आला की जोराने येते. 2025 साली कर्नाटक सरकारने या वाढीव उंचीसाठी लागणाऱ्या जमिनीच्या मोबदल्याचा निर्णय घेतला आणि महाराष्ट्राने उंचीवाढीस विरोध नोंदविला. पाठांतर करणारा विद्यार्थी वहीत लिहितो: 'अलमट्टी, कृष्णा नदी, कर्नाटक.' त्याच्या मते बातमी संपली. वस्तुतः ती येथून सुरू होते.

पहिला प्रश्न भूगोलाचा. कृष्णा महाबळेश्वरास उगम पावते, वाईवरून येते, कराडला कोयना तिला मिळते, सांगलीजवळ हरिपूरला वारणा मिळते आणि पुढे नृसिंहवाडीस पंचगंगा. सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस कोसळतो तो या सर्व नद्यांच्या उगमांवर एकाच वेळी. आणि सांगली आहे या संगमांच्या वाटेवर, सपाटीला. म्हणून महाबळेश्वर, नवजा येथे झड लागली की सांगलीतले लोक आयर्विन पुलाखालच्या पाण्याकडे पाहू लागतात. तेथे 40 फुटांस इशारा व 45 फुटांस धोका मानतात. 2019 च्या ऑगस्टात पाणी 57 फुटांच्याही वर गेले. ब्रह्मनाळला नाव उलटून माणसे बुडाली. सांगलीच्या नगर वाचनालयात पाणी शिरून पिढ्यांनी जमविलेले ग्रंथ भिजून गेले. 2005 आणि 2021 चे पूरही आपण पाहिले आहेत.

दुसरा प्रश्न अधिकाराचा. पाणी हा विषय घटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यांच्या यादीत 17 व्या क्रमांकावर आहे. परंतु आंतरराज्य नद्यांचे नियमन केंद्राच्या यादीत 56 व्या क्रमांकावर. अनुच्छेद 262 अन्वये अशा तंट्यांच्या निवाड्यासाठी संसदेला कायदा करता येतो आणि न्यायालयांचा अधिकारही वगळता येतो. त्याप्रमाणे 1956 साली आंतरराज्य नदीपाणी तंटा कायदा झाला. त्याखाली केंद्र सरकार लवाद नेमते. लवादाचा निर्णय राजपत्रात प्रसिद्ध झाला म्हणजे त्याला सर्वोच्च न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतके बळ येते. 'राजपत्रात प्रसिद्ध' हे दोन शब्द ध्यानात ठेवा. सगळी मेख तेथे आहे.

तिसरा प्रश्न पूर्वेतिहासाचा. कृष्णेसाठी पहिला लवाद 1969 मध्ये न्यायमूर्ती बच्छावत यांच्या अध्यक्षतेखाली नेमला गेला. त्याने 2060 टीएमसी पाणी वाटून दिले: महाराष्ट्रास 560, कर्नाटकास 700 आणि तेव्हाच्या आंध्र प्रदेशास 800. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. आपल्या मापात सुमारे 2,831 कोटी लिटर. हा निर्णय 1976 मध्ये राजपत्रात आला. अलमट्टीची पातळी 519.60 मीटरपर्यंत ठेवावी, असे सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली सांगितले. दुसरा लवाद न्यायमूर्ती ब्रिजेशकुमार यांचा, 2004 चा. त्याने 2010 च्या अखेरीस दिलेल्या निर्णयात ही पातळी 524.256 मीटरपर्यंत नेण्यास अनुमती दिली. परंतु 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय राजपत्रात प्रसिद्ध करण्यास मनाई केली. 2014 मध्ये आंध्राचे विभाजन होऊन तेलंगण झाले आणि वाटपाचा प्रश्न आणखी गुंतला. आता कर्नाटक जमिनीच्या मोबदल्याचा निर्णय घेते आणि महाराष्ट्र हरकत घेतो, याचा अर्थ लागतो. एका राज्याच्या हाती लवादाची अनुमती आहे; दुसरा म्हणतो, अनुमतीला अजून बळ आलेले नाही.

चौथा प्रश्न लाभहानीचा. उंची वाढली तर उत्तर कर्नाटकातील कोरडवाहू जमीन भिजेल. त्यासाठी तिकडचीच गावे व जमिनी पाण्याखाली जातील. इकडे सांगली व कोल्हापूर जिल्ह्यांस भीती आहे ती फुगवट्याची, म्हणजे धरणाचे पाणी मागे सरकून पूर ओसरण्यास वेळ लागेल याची.

आता पाचवा प्रश्न. सांगलीत बहुतेकांची अशी खात्री आहे की आपला पूर अलमट्टीमुळे येतो. 2019 च्या पुरानंतर राज्य सरकारने नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. 2020 मध्ये आलेल्या तिच्या अहवालाने त्या पुराचा दोष अलमट्टीवर ठेवला नाही. अतिवृष्टी आणि नदीच्या पूररेषेत झालेली बांधकामे यांकडे बोट दाखविले. हा निष्कर्ष मान्य नसलेले जाणकार आणि कार्यकर्तेही आहेत आणि त्यांचे आक्षेप वाचण्याजोगे आहेत. मुलाखतीत सांगलीच्या उमेदवारास हाच प्रश्न विचारला, तर त्याने काय सांगावे? गावची बाजू घेऊन आवेशाने बोलावे, की अहवाल पुढे करून गावाला वेड्यात काढावे? दोन्ही उत्तरे कच्ची आहेत. पक्के उत्तर असे: लोकांची भीती ही अनुभवातून आलेली आहे, म्हणून ती प्रशासनाने गांभीर्याने घेतली पाहिजे, अहवालातील मोजमाप पुराव्यातून आले आहे, म्हणून ते लोकांपुढे उघडपणे मांडले पाहिजे, आणि दोन्ही राज्यांनी धरणांतील आवक-जावक एकमेकांस तत्काळ कळविली पाहिजे, कारण पावसाला राज्याची हद्द कळत नाही. उद्या हाच उमेदवार जिल्हाधिकारी म्हणून कोठल्याशा नदीकाठी पुराच्या रात्री उभा राहणार आहे. त्याला तेथे पाठ केलेले आकडे उपयोगी पडणार नाहीत. दोन्ही बाजूंचे ऐकून घेण्याची सवय उपयोगी पडेल.

जिल्हा परिषद आणि औंधचा धडा

दुसरे उदाहरण पाण्याइतके खवळलेले नाही, पण परीक्षेच्या दृष्टीने तितकेच भरीव आहे. मार्च 2022 मध्ये सातारा, सांगली व इतर अनेक जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि निवडणुका न होता प्रशासक आले. इतर मागासवर्गाच्या राजकीय आरक्षणासंबंधीचे प्रकरण न्यायालयात होते. अखेर मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचा आदेश दिला. आता घटनेतील अनुच्छेद 243 ई पाहा: पंचायतीची मुदत पाच वर्षांची, आणि ती संपण्यापूर्वी निवडणूक पूरी झाली पाहिजे. मग तीन वर्षे प्रशासक कसे राहिले? आरक्षणासाठी न्यायालयाने घातलेली तिहेरी कसोटी कोणती? समाजातील दुर्बळांस प्रतिनिधित्व मिळणे आणि निवडणूक वेळेवर होणे, या दोन्ही गोष्टी घटनेलाच हव्या असता त्यांत ओढाताण का झाली? एका स्थानिक बातमीतून मुख्य परीक्षेच्या दुसऱ्या पेपरातील एक अख्खे प्रकरण उभे राहते.

या प्रकरणाचा इतिहासही येथलाच आहे. बलवंतराय मेहता समितीचा अहवाल 1957 चा. महाराष्ट्रात वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून 1961 चा कायदा झाला आणि 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. तेव्हाचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण हे देवराष्ट्र्याचे, म्हणजे जन्माने त्या वेळच्या सातारा जिल्ह्यातले; ते गाव आज सांगली जिल्ह्यात आहे, कारण 1949 मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा निघाला आणि 1960 मध्ये त्याचे नाव सांगली झाले. आणि याच्याही मागे जा. औंध संस्थानात राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी 1939 च्या जानेवारीत आपली सत्ता प्रजेच्या हाती सोपविणारी राज्यघटना अमलात आणली. तिचा पाया ग्रामपंचायत हा होता आणि तिच्या घडणीत गांधीजींचा सल्ला होता. त्याच संस्थानात आटपाडीजवळ 'स्वतंत्रपूर' ही कैद्यांची खुली वसाहत निघाली. 1942 नंतर नाना पाटलांच्या प्रतिसरकारने याच मुलखात न्यायनिवाडे चालविले. ज्या मुलाने हे सारे आजोबांकडून ऐकले आहे, त्याला 73 वी घटनादुरुस्ती 1992 ची, हे पाठ करण्यास कितीसा वेळ लागणार? त्या दुरुस्तीने काय मिळाले हे त्याला आधीच ठाऊक असते. केवळ साल जोडायचे राहते.

उसाचा दर आणि बदलती आज्ञा

तिसरे उदाहरण उसाचे. दर हंगामास कारखान्यांपुढे आंदोलन उभे राहते, गाड्या अडविल्या जातात आणि वर्तमानपत्रे 'एफआरपी' या तीन अक्षरांनी भरून जातात. उसाचा रास्त व किफायतशीर दर केंद्र सरकार ठरविते. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशात 2009 मध्ये बदल करून ही पद्धत आली. 2025-26 च्या हंगामासाठी 10.25 टक्के उताऱ्यास क्विंटलला 355 रुपये दर ठरला. ऊस पोचल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यावेत असा नियम आहे. नियम इतका स्पष्ट असता पैसे थकतात का? कारण कारखान्याचा खर्च सरकारने ठरविलेल्या दराने आधी होतो, आणि साखर मात्र बाजाराप्रमाणे सावकाश विकली जाते. या फटीत इथेनॉल आले. पण 2023 च्या पावसाने दगा दिला, साखरेच्या टंचाईची भीती वाटू लागली आणि 7 डिसेंबर 2023 रोजी केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यास बंदी घातली. ऑगस्ट 2024 मध्ये ती उठविली.

या उदाहरणातून एक सावधगिरी शिकावी. डिसेंबर 2023 चे मासिक पाठ करून जो 2024 च्या अखेरीस परीक्षेस बसला, त्याने 'बंदी आहे' असे उत्तर लिहिले असेल. बातमी पाठ करणाऱ्यास ती उलटल्याचे कळत नाही. बंदी का घातली हे समजलेला विद्यार्थी मात्र पाऊस सुधारताच विचारू लागतो की ती अजून आहे का. कारण कळले की बदलाची चाहूल लागते.

अशी उदाहरणे आणखी किती तरी देता येतील. सांगलीच्या हळदीस 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण जानेवारी 2025 मध्ये राष्ट्रीय हळद मंडळ सुरू झाले ते निजामाबादला. का, याचा शोध घ्यावा. कासचे पठार 2012 मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात आले, आणि प्रतापगड जुलै 2025 मध्ये मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून. एक निसर्गाचा वारसा, दुसरा संस्कृतीचा, आणि दोहोंच्या कसोट्या वेगळ्या. कोयनेला 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे भूकंप झाला, सुमारे 180 माणसे दगावली, आणि धरणाच्या पाण्याचा भूकंपाशी संबंध काय, हा जगभरच्या शास्त्रज्ञांचा विषय झाला. कराडजवळ हजारमाची येथे केंद्र सरकारची प्रयोगशाळा त्याच प्रश्नासाठी काम करते, आणि गोठण्यास जमिनीत 3 किलोमीटर खोल छिद्र घेतले गेले आहे. तुर्कस्थानात वा नेपाळात भूकंप झाल्याची बातमी वाचताना पाटण तालुक्यातल्या मुलाने आधी आपल्या पायाखाली पाहावे.

वही कशी ठेवावी?

मग रोज करावे काय? एक मराठी व एक इंग्रजी वर्तमानपत्र पुरे. त्यातील अपघात, गुन्हे, पुढाऱ्यांची परस्परांवरील टीका आणि चित्रपटांच्या वार्ता सोडून द्याव्यात. उरते ते एका तासाचे वाचन. वही तारखेप्रमाणे ठेवू नये, विषयाप्रमाणे ठेवावी. तारखेच्या वहीत अलमट्टी बारा ठिकाणी विखुरते. विषयाच्या वहीत ती एका पानावर येते, आणि नवी बातमी आली की त्याच पानावर एक ओळ वाढते. पानाच्या डाव्या बाजूस न बदलणारे लिहावे: कायदा, अनुच्छेद, नकाशा, पूर्वेतिहास. उजव्या बाजूस बदलणारे: आकडा, निर्णय, तारीख. परीक्षेपूर्वी डावी बाजू एकदा वाचली तरी चालते. उजवी मात्र ताजी करून घ्यावी लागते.

आकडा लिहिताना त्याचे वर्ष आणि तो कोणी सांगितला हे लिहिल्यावाचून राहू नये. सरकारी निर्णयासाठी सरकारचे निवेदन, कायद्यासाठी राजपत्र, निवाड्यासाठी निवाडा हे मूळ झरे. 'योजना' व 'लोकराज्य' ही मासिके सरकारची बाजू नीट सांगतात. ती सरकारची बाजू आहे हे लक्षात ठेवून वाचावीत. मोबाइलवर फिरणारे मजकूर, 'शंभर अपेक्षित प्रश्न' यांच्या यादया आणि यूट्यूबवरची दहा मिनिटांची व्याख्याने ही उजळणीस ठीक. त्यांवर इमारत बांधू नये.

आठवड्यातून एकदा दोघा-तिघांनी बसून एका बातमीवर वाद घालावा, आणि प्रत्येकाने आपल्याला न पटणारी बाजू मांडावी. उसाच्या शेतकऱ्याच्या मुलाने कारखान्याची बाजू मांडावी. व्यापाऱ्याच्या मुलीने शेतकऱ्याची. आणि रोज एक उत्तर लिहावे. मुख्य परीक्षेत तीन तासांत वीस प्रश्न असतात, 150 वा 250 शब्दांचे. विचार करण्यास तेथे सवड नसते. विचार आधीच झालेला असावा लागतो.

निवड आणि शहाणपण

आता आईवडिलांस जे ऐकावेसे वाटत नाही ते सांगितले पाहिजे. 2024 च्या नागरी सेवा परीक्षेस 9,92,599 अर्ज आले. पूर्वपरीक्षेस प्रत्यक्ष बसले 5,83,213. मुख्य परीक्षेस पात्र ठरले 14,627, मुलाखतीस 2,845 आणि शिफारस झाली 1,009 जणांची. म्हणजे बसलेल्या दर 578 उमेदवारांमागे एक. खुल्या वर्गास 32 वर्षांच्या वयापर्यंत सहा संधी असतात. अशा परीक्षेत न निवडला जाणारा मुलगा नालायक असतो, असे समजणे हा केवळ अन्याय नव्हे, हिशेबाची चूकही आहे. प्रथम प्रयत्नाच्या वेळीच घरात बसून किती वर्षे, किती खर्च, आणि न जमल्यास पुढे काय, हे मोकळेपणी ठरवावे. हे बोलणे अपशकुनाचे नाही. ज्या घरात ते झालेले असते तेथील मूल निर्धास्तपणे अभ्यास करते.

पण त्या वर्षांचे काय झाले, हे ती कशी घालविली यावर अवलंबून आहे. ज्याने पाच वर्षे याद्या पाठ केल्या, त्याची निवड झाली नाही तर त्याच्या हाती खरोखरच रद्दी उरते. ज्याने बातमीखालची जमीन पाहण्याची सवय लावून घेतली, तो गावी परतला तरी रिकाम्या हाताने येत नाही. ग्रामसभेत अंदाजपत्रक वाचून दाखविणारा, पूररेषेतील बांधकामास नकाशा दाखवून हरकत घेणारा, थकलेल्या ऊसबिलासाठी कोणत्या आदेशाचे कोणते कलम लागू होते हे सांगणारा माणूस कोणत्या गावाला नको आहे? कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली काले येथे रयत शिक्षण संस्थेचे बीज पेरले, ते केवळ काही मुले साहेब व्हावीत म्हणून नव्हे. साऱ्या रयतेची नजर वर व्हावी म्हणून.

यात आपल्या दोन शहरांचेही काही कर्तव्य आहे. अभ्यासिकेत खुर्ची आणि दिवा देऊन ते संपत नाही. येथे निवृत्त अभियंते आहेत, ज्यांनी धरणाचे दरवाजे उघडले-मिटले आहेत. वकील आहेत, ज्यांनी भूसंपादनाचे दावे चालविले आहेत. साखर कारखान्यात हिशेब लिहिलेले लोक आहेत. पुरात बोटी चालविलेले तरुण आहेत. यांपैकी एकेकाने महिन्यातून एक संध्याकाळ वाचनालयात येऊन आपल्या कामातील एक बातमी उलगडून सांगितली, तर पुण्याच्या कोणत्याही वर्गात मिळणार नाही असे शिक्षण मुलांस मिळेल. पैसा लागणार नाही. सतरंजी आणि वेळ लागेल. आणि ऐकण्यास केवळ परीक्षार्थीच यावेत असेही नाही. उद्याचा अधिकारी जितका जाणता हवा, तितकाच त्याच्या कचेरीत अर्ज घेऊन जाणारा नागरिकही जाणता हवा. दोघांनी एकच वर्तमानपत्र समजून वाचले असेल, तर कचेरीतले बोलणे पुष्कळ सोपे होते.